चौथं पॉकेट ०.३ मिलिमीटर जास्त खोल का गेलं

ॲल्युमिनियमच्या पट्टीत चार सारखी पॉकेट, म्हणजे सपाट तळाचे खळगे, मारायची होती, प्रत्येकी ६ मिलिमीटर खोल. पहिलं बरोबर आलं. दुसरं ६.१, तिसरंही ६.१, चौथं थेट ६.३. मशीन टेबलावर मावेल एवढं छोटं मिलिंग, आणि हाताची चाकं काढून त्यावर स्टेपर मोटरी (स्टेप म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या) मीच बसवलेल्या. त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.

पहिला संशय कोलेटवर, म्हणजे टूल धरून ठेवणाऱ्या पकडीवर. एंड मिलच्या, म्हणजे कापणाऱ्या टूलच्या, पिळामुळे कापताना ती खाली ओढली जाते, आणि पकड ढिली असेल तर हळूहळू बाहेर सरकते. पॉकेट खोल जाण्याचं हे नेहमीचं कारण. कोलेट पुसला, नट दाबून आवळला, नवी पट्टी लावली. पुन्हा तेच. मग टूलच काढून ठेवलं. बेडवर बारीक अंतर मोजणारा डायल उभा केला, त्याचं टोक स्पिंडलच्या तोंडाला टेकवून शून्य केलं आणि झेड अक्ष (डोकं वर-खाली नेणारा) नुसता हवेत ४० मिलिमीटर वर-खाली वीस वेळा पळवला, मिनिटाला १५०० मिलिमीटरच्या रॅपिडने, म्हणजे न कापता पळण्याच्या वेगाने. काटा ०.२ वर. शून्य करून पुन्हा पळवला, ०.४. पुन्हा, ०.१. पण ०.०७ किंवा ०.१३ कधीच नाही.

इथे माझी ट्यूब पेटली. झेड हलवणाऱ्या बॉल स्क्रूचा लीड (एका फेरीत होणारी सरक) ५ मिलिमीटर, मोटरला एका फेरीत २०० स्टेप, म्हणजे एका स्टेपला ०.०२५. स्टेपर घसरतो तेव्हा एखादी सुटी स्टेप जात नाही. मोटरच्या दोन फेजमधला (वाइंडिंगच्या दोन गटांतला) करंट चार स्टेपनंतर पुन्हा त्याच स्थितीत येतो, म्हणून रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, निसटला की पुढच्या चार स्टेपवर जाऊनच अडकतो. चार गुणिले ०.०२५ म्हणजे नेमका ०.१. बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) किंवा ढिला कोलेट इतका हिशेबी वागत नाही. मोटरच स्टेप खात होती, आणि तीही स्पिंडलचं जड डोकं वर उचलताना, म्हणून चूक दरवेळी खालच्याच अंगाला.

मोटर कमी पडते तर करंट वाढवा, असं वाटणं साहजिक होतं. ड्रायव्हरवरचे, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटवरचे, छोटे डिप स्विच २.८ अँपिअरवरून ३.५ वर नेले. तासाभरात मोटरवर बोट ठेववेना, आणि डायल आपला ०.२ दाखवतोच आहे. कोडं असं की उभी असताना तीच मोटर हाताने तसूभर हलत नव्हती, पळायला लागली की मात्र मान टाकत होती. करंट कमी असता तर उभी असतानाही ढिली लागायला हवी होती.

व्होल्टेजकडे मी इतका वेळ पाहिलं नाही, त्याला कारण मोटरवरचं लेबल. त्यावर ३.२ व्होल्ट लिहिलंय आणि मी २४ देत होतो. म्हटलं, आधीच सातपट जातंय, आणखी काय द्यायचं? पण ते ३.२ म्हणजे नुसता १.१३ ओहम गुणिले २.८ अँपिअर, उभ्या मोटरचा हिशेब. ड्रायव्हर चॉपर जातीचा असतो. करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की तो पुरवठा तोडत-जोडत करंट तिथेच धरून ठेवतो, म्हणून जास्त व्होल्टने वाइंडिंग जळत नाही. प्रश्न असतो तो करंट तिथे वेळेत पोचतो का, याचा.

वाइंडिंगचा इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा विरोध, ५.४ मिलिहेन्री. २४ व्होल्टवर शून्यापासून २.८ अँपिअरपर्यंत चढायला साधारण ०.६३ मिलिसेकंद लागतात. १५०० च्या रॅपिडला स्क्रू ३०० आरपीएमने फिरतो, तेव्हा दर २ मिलिसेकंदांनी करंटची दिशा उलटते. उतरायचं आणि उलट बाजूला चढायचं मिळून १.२६ मिलिसेकंद यातच जातात. शिवाय फिरता रोटर स्वतः जनरेटरसारखा उलटा व्होल्टेज तयार करतो; माझ्या मोटरच्या टॉर्कवरून काढला तर ३०० आरपीएमला तो १५ व्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे २४ मधले हातात उरतात जेमतेम ९. करंट पुरता भरायच्या आतच दिशा बदलायची वेळ येत होती. स्विच ३.५ वर असला तरी पळताना तेवढा करंट आत शिरतच नव्हता. उभं असताना शिरत होता, म्हणून नुसती उष्णता.

स्विच पुन्हा २.८ वर आणले आणि ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय जोडला. आवाजातच फरक कळला. पण दहाव्या-बाराव्या फेरीला, डोकं वेगाने खाली येऊन थांबताना, ड्रायव्हरचा लाल दिवा लागला आणि अक्ष मेला. चूक माझीच. ड्रायव्हरवर कमाल ५० व्होल्ट लिहिलेलं आहे आणि मी ४८ वर चालवत होतो. ब्रेक लागताना मोटर जी ऊर्जा परत ढकलते ती सप्लायच्या कपॅसिटरमध्ये जाऊन व्होल्टेज वर चढवते. मल्टिमीटर कमाल आकडा धरून ठेवण्यावर लावला तर ५१ दिसले. नशीब, ड्रायव्हरने स्वतःला बंद केलं, जळला नाही. सप्लायच्या कडेचा छोटा स्क्रू फिरवून ४४ वर आणला आणि थांबण्याचा वेग थोडा मऊ केला. त्यानंतर लाल दिवा लागलेला नाही.

मग डायल लावून सीमा शोधली. २४ व्होल्टवर ९०० पर्यंत झेड निर्धोक होता. ४४ वर २२०० पर्यंत काटा शून्यावर परत आला, त्यापुढे पुन्हा ०.१ च्या उड्या. मी १८०० वर थांबलो. कापतानाचा फीड (सरकण्याचा वेग) ३०० आहे तो ३००च राहिला. त्या वेगाला, म्हणजे ६० आरपीएमला, २४ काय नि ४४ काय, ताकद तीच मिळते. उभ्या मोटरची पकडही वाढली नाही, उलट मोटर आधीपेक्षा थोडी गरम राहते, म्हणून थांबल्यावर करंट अर्धा करायचा स्विच चालू ठेवलाय.

नवी पट्टी लावून चारही पॉकेट पुन्हा मारली. ६.००, ६.०१, ६.००, ६.०१. एक्स आणि वायला छोट्या मोटरी आहेत, इंडक्टन्स निम्म्याहून कमी. त्यांनी २४ वरही कधी तक्रार केली नव्हती, पण सप्लाय एकच असल्याने त्याही आता ४४ वर चालतात.