गोळी, पिंपल्स आणि रखडलेली पाळी

पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनची शेवटची गोळी घेतली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली आणि तिथून महिना मोजायला लागले. गोळी सुरू असताना आणि बंद केल्यावरही एक महिना दिवस राहता कामा नयेत, हे त्वचेच्या डॉक्टरांनी मला जवळजवळ पाठ करून घेतलं होतं.

सुरुवातही तशीच कडक. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग लिव्हर आणि कोलेस्टेरॉलसाठी रक्ततपासणी, एका फॉर्मवर सही. गर्भनिरोधक गोळी महिनाभर आधीपासून, शिवाय कंडोमही. ओठ फाटले, डोळे कोरडे पडले. त्याचं काही नाही. झोप उडवली ती मैत्रिणीच्या एका वाक्यानं: "ती गोळी घेतलीस तर पुढे मूल होत नाही म्हणे."

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. हे औषध म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. ते तेलग्रंथी आक्रसवतं, पण पोटात गर्भ असताना घेतलं तर बाळाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू यांत गंभीर व्यंग येऊ शकतं, गर्भपातही होऊ शकतो. धोका त्या गर्भाला. अंडाशय कायमचं निकामी होतं असं दिसलेलं नाही, आणि औषध थोड्याच दिवसांत शरीराबाहेर पडतं. महिना सांगतात तो सुरक्षिततेसाठी. (याचंच भावंड असलेलं, सोरायसिस या त्वचारोगावर देतात ते असिट्रेटिन मात्र बंद केल्यावर तब्बल 3 वर्षं थांबायला लावतं. ते ऐकून माझा महिना एकदम लहान वाटला.)

महिना सरला. गर्भनिरोधक गोळीही बंद केली. आणि पाळी आलीच नाही. चाळीस दिवस, पन्नास दिवस, टेस्ट निगेटिव्ह. मैत्रिणीचं वाक्य पुन्हा कानात वाजायला लागलं.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मुरुमांच्या औषधाबद्दल ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं: "कॉलेजात पाळी वेळेवर यायची?" नव्हती येत. "पिंपल्स कुठे जास्त?" हनुवटी आणि जबडा. तिथेच थोडी लवही. सोनोग्राफी आणि हार्मोन्सच्या तपासण्यांनंतर निदान झालं: पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सचा बिघाड. पुरुषी हार्मोन जास्त, म्हणून पिंपल्स. बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून पाळी रखडते. मधली सगळी 'नियमित' पाळी गर्भनिरोधक गोळ्यांची होती. त्या गोळ्यांच्या सुट्टीच्या दिवसांतला रक्तस्राव म्हणजे बीज सुटल्याची पावती नव्हेच. मी नको त्या गोळीवर आळ घेत होते.

राग आला तो याचा, की इतकी वर्षं चेहऱ्यावर क्रीम बदलत बसले, पण पाळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पिंपल्स पुन्हा डोकावले तेव्हा हाताशी पर्याय थोडेच उरले. स्पायरोनोलॅक्टोन पीसीओएसच्या पिंपल्सना चालतं, पण मूल हवं असताना नाही. डॉक्सीसायक्लिन नको, अ‍ॅडापलीनचं जेलही बाजूला. अझेलिक अ‍ॅसिडचं क्रीम तेवढं चालेल, असं बाई म्हणाल्या. सोबत फॉलिक अ‍ॅसिड.

मग बीज सुटावं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस. पहिल्या महिन्यात काहीच नाही. दुसऱ्यात डोस वाढवला. काल सोनोग्राफीत 19 मिलिमीटरचा फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पिशवी, दिसला आणि बाई पहिल्यांदा हसल्या. हनुवटीवर एक भलामोठा पिंपल होता; तिकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.