फ्रेंच परसबागेतलं वर्ष: शेणकाला ते मेथी

नोव्हेंबर

इकडे बागेचं वर्ष सुरू होतं ते २५ नोव्हेंबरला, सेंत कात्रीनच्या दिवशी. या दिवशी लावलेलं कुठलंही लाकूड मूळ धरतं, अशी फ्रेंच म्हण आहे आणि ती बऱ्यापैकी खरी आहे. पानं झडून झाड झोपलेलं असतं, पण मातीत थोडी ऊब आणि भरपूर ओल शिल्लक असते. पालवी फुटायच्या आधीच पांढरी मुळं सुटून झालेली असतात. या दिवसांत नर्सरीत झाडं उघड्या मुळांनी मिळतात, केरसुणीसारखी जुडी बांधून. कुंडीतल्या झाडांपेक्षा स्वस्त, आणि माझ्या मते जोमदारही.

आम्ही ल्वार नदीच्या दक्षिणेला, तुरेनमध्ये राहतो. माती चिकण आणि तिच्यात गारगोट्या. कुदळ मारली की ठण्. यंदा या मातीत रेन क्लोद जातीचा प्लम लावला. हिरवट-सोनेरी, मधासारखं गोड फळ. नाव पडलं ते राजा पहिला फ्रान्स्वा याच्या राणीवरून. ही क्लोद १५२४ साली ब्ल्वाच्या राजवाड्यात वारली, म्हणजे इथून फार लांब नाही. या जातीला परागीकरणासाठी सोबत लागते. कुंपणापलीकडे शेजारच्या आजोबांचा मिराबेल, म्हणजे प्लमचीच दुसरी जात, आहे, तेव्हा ती सोय आयती झाली.

लावताना मुळांची टोकं कात्रीनं ताजी करायची आणि चिकणमाती, शेण, पाण्याच्या काल्यात बुडवून काढायची. आजोबा मला हे दाखवायला मुद्दाम कुंपणापाशी आले होते. मी आधीच कोपरापर्यंत हात बादलीत घालून बसलेली बघून त्यांनी नुसती भुवई उचलली. शेणकाला मी माझ्या मामांकडे लहानपणापासून बघत आलेय, त्यात मला नवीन काही नव्हतं. नवीन होती ती काठी: आधाराची ही काठी झाडाआधी ठोकायची, म्हणजे नंतर ठोकताना मुळं दुखावत नाहीत. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं. आणि पाऊस पडत असला तरी बादलीभर पाणी द्यायचंच, कारण ते पाणी तहानेसाठी नसतं. मुळांभोवतीची पोकळी त्यानं बसते.

डिसेंबर, जानेवारी

लिहिण्यासारखं थोडं, करण्यासारखं बरंच. रिकाम्या वाफ्यांवर लेंडीखत पसरलं. हा शेळ्यांचा मुलुख आहे. मधून राय या धान्याची काडी घातलेलं सेंत-मोर चीज इथलंच, त्यामुळे लेंड्यांची ददात नाही. त्यावर झाडलेली पानं. सफरचंदाची छाटणी केली, प्लमला हात लावला नाही. प्लम, चेरी यांना थंडीत कापलं की जखमेतून रोग शिरतो आणि डिंक गळतो. त्यांची छाटणी फळं उतरल्यावर. छाटलेल्या काटक्या जाळायला इथं बंदी आहे. एकतर गावच्या कचरा केंद्रावर नेऊन टाका, नाहीतर बारीक करून आच्छादनाला वापरा. मी दुसरं करते.

ताटात मात्र या दिवसांतही बाग असते. कांद्याच्या कुळातला लीक जमिनीतच उभा राहतो, हवा तेव्हा उपटायचा, फक्त माती गोठलेली नको. आणि माश नावाची छोटी पालेभाजी, बर्फाखालूनही टवटवीत निघते.

फेब्रुवारी, मार्च

मिरची फेब्रुवारीतच घरात पेरली, रेडिएटरच्या वर. उगवायला २५ अंशांच्या आसपास ऊब हवी आणि वाढायला निवांत वेळ, म्हणून टोमॅटोच्या आधी तिचा नंबर. बी इथल्याच कॅटलॉगातून मागवलं. कोल्हापूरहून बी का आणत नाही, असं बरेच जण विचारतात: डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून पेरणीचं बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सामानात टाकलेली पुडीसुद्धा त्यातून सुटत नाही.

मार्चमध्ये ग्रेलिनेट बाहेर काढली. दोन दांड्यांचा, चार-पाच दातांचा काटा. फ्रान्समध्येच आंद्रे ग्रेलँ यांनी तयार केलेलं अवजार. पाय देऊन दात मातीत रुतवायचे, दोन्ही दांड्या अंगाकडे ओढायच्या, माती सैल होते पण उलटत नाही. गांडुळं जागच्या जागी राहतात आणि कंबरही. चिकणमातीत हिची वेळ साधावी लागते: ढेकूळ मुठीत दाबलं की फुटलं पाहिजे. चिकटलं तर परत घरात जाऊन चहा करायचा.

एप्रिल, मे

या दोन महिन्यांवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण या बागेचं सगळं नशीब इथं ठरतं.

मार्चअखेर ऊन पडतं, लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात, बाजारात टोमॅटोची रोपं दिसायला लागतात. आणि मग रात्री पारा शून्याखाली. एप्रिल २०२१ मध्ये हेच झालं. मार्चअखेर उन्हाळ्यासारखी उष्णता, कोंब फुटून बाहेर, आणि एप्रिलच्या सुरुवातीला सलग काही रात्री दहिवर. द्राक्षमळ्यांत रात्रभर मेणाच्या बादल्या पेटवून लोक बसले होते, तरी देशभर द्राक्षं आणि फळबागा होरपळल्या.

जुने लोक दोष चंद्राला देतात. ईस्टरनंतरच्या अमावास्येला सुरू होणारा चांद्रमास म्हणजे 'लाल चंद्र', कोवळे कोंब तांबूस करपवणारा. (अमावास्येला महिना संपवणाऱ्या आपल्या माणसांना हा हिशोब चटकन कळतो.) खरा दोषी निरभ्र आकाश. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब रात्रीत वर निघून जाते. आणि आकाश निरभ्र असतं तेव्हाच चंद्र दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर.

शेवटची तपासणी म्हणजे तीन 'बर्फाचे संत': ११, १२ आणि १३ मे. मामेर, पांक्रास, सेर्वे. आताच्या छापील कॅलेंडरात या तारखांना दुसरीच नावं आहेत, एस्तेल, आशिल, रोलांद, पण बागेत त्यांना कोणी विचारत नाही. हे तिघे गेल्याशिवाय टोमॅटो, मिरची, भोपळा बाहेर लावायचा नाही. तोवर रोपं दिवसा अंगणात, रात्री घरात. आमची जेवणाची खोली या काळात नर्सरी असते.

हे संत-बिंत मी पाळते, पण त्याहून जास्त भरवसा मातीत खुपसलेल्या थर्मामीटरवर. घेवड्याला सकाळी १२ अंश हवेत. त्याआधी पेरलं तर बी कुजतं; आठवडा-दोन आठवडे थांबून पेरलेला घेवडा आधीच्याला गाठतो. बटाट्याला लायलॅक फुलल्याची खूण पुरते. ही खूण मला सगळ्यांत आवडते, कारण झुडूप त्या-त्या वर्षाची हवा बघून फुलतं, छापील तारीख बघून नाही.

१४ मेला सकाळी टोमॅटो लावले. खोल, खालची पानं काढून, खोडही मातीत, म्हणजे त्यालाही मुळं फुटतात. मार्मांद, बैलहृदय आणि काळा क्रिमियन. रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचणं तेव्हापासून सुरू झालं, ते जूनपर्यंत. बिनशंखाच्या जास्त बेरकी. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण सॅलडच्या वाफ्याभोवती मला हात आणि बॅटरीच बरी वाटते.

जून, जुलै

१ जानेवारी २०१९ पासून फ्रान्समध्ये घरगुती बागेसाठी कृत्रिम कीटकनाशकं आणि तणनाशकं विकतही नाहीत आणि वापरताही येत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या बागेच्या कोपऱ्यात खाजकुईसारख्या झोंबणाऱ्या ऑर्तीच्या पाल्याचं पिंप असतं. दहा लिटर पावसाच्या पाण्यात एक किलो पाला, रोज ढवळायचा, बुडबुडे थांबले की गाळायचा. मुळाशी घालताना दहा पट पाणी. वास असा येतो की पाहुण्यांची तारीख बघूनच झाकण उघडावं.

करप्यावर बोर्डो मिश्रण चालतं. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना ते सांगायला नको, पण त्याची जन्मकथा मजेची. बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना मारायचे. नेमक्या त्याच वेलींना केवडा लागत नाही, हे बोर्दोच्या विद्यापीठातल्या मियार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. मी ते हात राखून वापरते, कारण तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. टोमॅटोवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर टाकलं आणि रोपांत हातभर अंतर ठेवलं, त्याचा गुण जास्त आला. छपराखालची पानं जुलैअखेर हिरवी आहेत, बाहेरची दोन रोपं काळवंडली.

पाणी हा वेगळाच विषय. दुष्काळाचे चार टप्पे: सावधान, इशारा, कडक इशारा, संकट. कुठल्या भागात कोणता, ते प्रीफे, म्हणजे इथले जिल्हाधिकारी, जाहीर करतात. हिरवळीचं पाणी आधी तोडतात. भाजीच्या वाफ्यांना रात्री किंवा पहाटे मुभा असते. आमच्या पन्हाळीखाली हजार लिटरची टाकी आहे आणि वाफ्यांवर वाळलेल्या गवताचा बोटभर-दोन बोटं थर. मला विचाराल तर पैसे टाकीवर खर्च करा, ठिबकवर नंतर.

ऑगस्ट, सप्टेंबर

टोमॅटो बरण्यांत गेले, रबरी रिंगवाल्या काचेच्या बरण्यांत, उकळत्या पाण्यात बुडवून. मिरची चांगली धरली. पण तिखट म्हणावी अशी नाही, ठेच्याला बाहेरचीच लागणार. टोमॅटोच्या वाफ्याकडेचा झेंडू पहिल्या दहिवरापर्यंत टिकतो, तेव्हा तोरणाची सोय झाली.

आणि मेथी. इथं मेथीचं बी हिरवळीच्या खतांच्या रांगेत मिळतं, मोहरी आणि फासेलियाच्या शेजारी. फ्रेंच माणूस बटाटे निघाले की ती पेरतो आणि फुलायच्या आत कापून मातीत मिसळतो. मी ऑगस्टच्या अखेरीस लसणासाठी ठेवलेल्या वाफ्यात दाट फेकली. महिन्याभरात जुड्या निघाल्या. आजोबा कुंपणापाशी थांबून बघत होते. म्हणाले, "मादाम, तुम्ही खत खाताय."

मी त्यांना दोन ठेपले दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या वाफ्यातली मेथी "कापायच्या आधी हवी तेवढी न्या" म्हणून सांगितलं.

कापताना मुळं मातीतच ठेवते, म्हणजे त्यांच्यावरच्या गाठींतलं नत्र लसणाला मिळतं. उरलेली ताटं दहिवरानं आपोआप मरतात. इकडे कोणाला करून बघायची असेल तर पाकिटावर 'फेनुग्रेक' शोधा, आणि बियाण्याला औषध चोळलेलं नाही ना, तेवढं मागच्या बाजूला वाचून घ्या.