२८ दिवसांची शिल्लक

परदेशी शिक्षणाच्या प्रवेशांसाठी समुपदेशक म्हणून काम करताना माझा सर्वाधिक वेळ विद्यापीठे सुचवण्यात नव्हे, तर कागदपत्रे तपासण्यात जातो. कारण हातात आलेला प्रवेश एखाद्या तारखेच्या चुकीपायी निसटू शकतो.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि ठरवून दिलेला राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे पासबुक तपासताना मला एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता वळता झालेला दिसला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तेवढे पैसे भरलेही होते. ‘‘मॅडम, पैसे तर लगेच भरले ना?’’ असे त्यांनी विचारले तेव्हा ‘चालून जाईल’ म्हणणे सोपे होते. पण अर्ज फेटाळला गेला असता, तर त्या नकाराची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात मुलीलाच सांगावी लागली असती. आम्ही थांबलो, आणि उशिरा रुजू होण्याची परवानगी तिने विद्यापीठाकडून मागून घेतली.

एसओपीबाबतही, म्हणजे हा अभ्यासक्रम का निवडला हे सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या निवेदनाबाबतही, माझा आग्रह असाच असतो. एसओपी मी कोणालाही लिहून देत नाही. पदवीनंतरची दोन वर्षे आजारपणात गेली असतील, तर विद्यार्थ्याने ती स्वतःच्या शब्दांत सांगावीत, कारण मुलाखतीत उत्तर त्यालाच द्यायचे असते.

आमच्या व्यवसायातील एक गोष्ट पालकांना पहिल्याच भेटीत कळायला हवी, असे मला मनापासून वाटते. विद्यार्थ्याने फी भरून प्रवेश पक्का केल्यावर अनेक विद्यापीठे एजन्सीला कमिशन देतात, त्यामुळे सल्ला फुकट असला तरी तो निरपेक्ष असेलच असे नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, तरीही यादीत त्यांचे नाव का नाही, हे पालकांनी जरूर विचारावे.

त्या वडिलांनी हप्त्यांसाठी वेगळे खाते उघडले. नव्या मोजणीच्या तेविसाव्या दिवशी त्यांनी पासबुकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, ‘‘आज तेवीस. शिल्लक तेवढीच आहे.’’