म्दिवानी वंशावळ : लुईसची चौकट आणि बहिणींची शाखा

जनरल झखारी म्दिवानी यांच्या पाच अपत्यांपैकी सर्ज, डेव्हिड आणि अलेक्सिस या तिघा भावांचे विवाह आता तक्त्यावर नोंदवून झाले आहेत. १९२१ मध्ये लाल सैन्याने जॉर्जिया ताब्यात घेतल्यावर हे कुटुंब पॅरिसला आले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत या भावांनी जोडलेल्या सोयरिकी मांडताना माझे वंशावळीचे सॉफ्टवेअर मेटाकुटीला आले.

खरा पेच लुईस ॲस्टर व्हॅन ॲलन हिचा होता. तिने १९३१ मध्ये अलेक्सिसशी विवाह केला, पुढच्याच वर्षी घटस्फोट झाला, आणि १९३६ मध्ये ती त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे सर्जची, पत्नी झाली. सॉफ्टवेअर मात्र या घरात लुईस नावाच्या दोन सुना आल्या असे समजून दोन चौकटी काढत असे. अखेर आपोआप होणारी मांडणी बंद करून तिची एकच चौकट दोन्ही भावांच्या मधोमध ठेवली. अलेक्सिसकडे घटस्फोटाची तुटक रेघ ओढली आणि सर्जकडे सलग. सलग रेघेच्या दोन्ही टोकांना १९३६ हेच वर्ष आहे, कारण त्याच मार्चमध्ये फ्लोरिडात पोलो खेळताना सर्जचा मृत्यू झाला. अलेक्सिस त्याआधीच, १९३५ मध्ये, स्पेनमधील मोटार अपघातात गेला होता. त्याची दुसरी पत्नी, वूलवर्थ दुकानांची वारसदार बार्बरा हटन, आणि इतर भावजया, म्हणजे मूकपटांच्या तारका पोला नेग्री व मे मरे, यांच्या चौकटी विनासायास बसल्या.

भाऊ स्वतःला प्रिन्स म्हणवीत आणि वृत्तपत्रेही तसेच छापत, पण या पदवीबद्दल त्या काळीच शंका घेतली जात होती. म्हणून ती नावाला न जोडता ‘स्वतः लावलेली’ अशा वेगळ्या रकान्यात टाकली आहे. तक्ता त्यामुळे थोडा कमी भारदस्त दिसतो. माझी त्याला हरकत नाही.

बहिणींपैकी रूसीने १९२८ मध्ये चित्रकार होसे मारिया सेर्तशी विवाह केला आणि १९३८ मध्ये तिचे निधन झाले. सेर्तची आधीची पत्नी मिसिया हिचा म्दिवानींशी रक्ताचा संबंध नसला, तरी तिच्याशिवाय ही शाखा उलगडत नाही, म्हणून तिलाही जागा दिली. नीनाचा दुसरा विवाह १९३६ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांचा मुलगा डेनिस याच्याशी झाला. डेनिस १९५५ मध्ये म्हैसूरला वारला. तेव्हाच्या भारतीय वृत्तपत्रांतील त्याच्या निधनाची बातमी मिळवणे हे पुढचे काम आहे.