एकांतात न पिकणारे फळ

रविवार, रात्री

आजच्या उपासनेत बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातील ३:१२-१४ ही वचने वाचली गेली आणि दिवसभर मन त्यांच्याभोवतीच घुटमळत राहिले. करुणा, ममता, सौम्यता, लीनता आणि सहनशीलता हे गुण धारण करा, असे सांगून पौल लगेच एकमेकांचे सहन करण्याकडे व क्षमा करण्याकडे वळतो. दार लावून एकट्याने बसून यांपैकी एकही गुण अंगी बाणणार नाही. क्षमा करायची तर ज्याने मन दुखावले तोच माणूस समोर हवा.

चौथ्या शतकातील कैसरियाचा बिशप बासील याने संन्याशांच्या सहजीवनाचा पुरस्कार करताना विचारले होते की, एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुशील? प्रार्थना, उपवास आणि वचनाचे मनन यांवाचून पवित्रीकरण, म्हणजे पवित्र होत जाणे, नाही, हे खरेच. पण पवित्र आत्म्याने आपल्यात काय घडवले आहे, याची पारख मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बैठकीत आपली सूचना फेटाळली जाते तेव्हा होते.

आमच्या मंडळीतील एका वृद्ध भगिनींना कमी ऐकू येते, आणि गीत कोणते ते न कळल्यास त्या चिडतात. आज एक तरुण त्यांच्या शेजारी जाऊन बसला, प्रत्येक गीताचे पान त्याने काढून दिले, ओळीखाली बोट सरकवत राहिला आणि त्या नादात स्वतःचे गाणे त्याने निम्म्याहून अधिक सोडून दिले. त्यांनी एकदा त्याचा हात झटकला, तरी बोट पुन्हा ओळीखाली आले. सौम्यतेवरचा इतका स्पष्ट उपदेश मी क्वचितच ऐकला आहे.

फिलिप्पै येथील युवदीया आणि सुंतुखे यांनी सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर श्रम केले होते, तरीही त्यांचे एकमत राहिले नव्हते. पौलाने तेथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात दोघींची नावे घेऊन त्यांना एकचित्त होण्याची विनंती केली आणि आपल्या एका सोबत्याला त्यांना साहाय्य करण्यास सांगितले. दोघांतला दुरावा हा त्यांचा खासगी मामला आहे असे म्हणून आपण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यालाच शांती समजतो, हे मला फार खटकते. त्याच पत्रात पौल तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतो, आणि इच्छा व कृती दोन्ही देवच आपल्या ठायी साधून देतो, हे त्याचे कारण देतो. म्हणूनच समेटाचे काम अवघड असले तरी ते केवळ आपल्या बळावर करायचे नसते, याचा मला मोठा आधार वाटतो.

मंडळीतील दोन कुटुंबांचे बोलणे बंद आहे. पुढच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सर्वांनी मिळून भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, आहे. त्याआधी पाळकसाहेबांना सोबत घेऊन दोन्ही घरी जायचे मी ठरवले आहे. ज्या घराशी माझा घरोबा कमी आहे, तिथे आधी जाईन.