ओपन स्पेसमधला सूचिपर्णी कोपरा

लेकीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा केंटमधलं बेजबरी पाहिलं. नुसत्या सूचिपर्णी झाडांची सार्वजनिक बाग! लंडनच्या धुराने क्यू उद्यानातली ही झाडं खंगायला लागली, म्हणून 1925 साली ती तिथे हलवायला सुरुवात झाली. नाशिकला परतले ती एकच गोष्ट मनात धरून. इंदिरानगरात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसचा एक कोपरा मुलांसाठी असा करायचा.

महापालिकेत अर्ज दिला, आवकचा शिक्का मिळाला आणि मग चार महिने हेलपाटे. कधी साहेब साइटवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. एकदा तर फाइलच सापडेना. माझ्याकडच्या शिक्क्याच्या प्रतीवरून नवी फाइल झाली, म्हणून पोचपावती जिवापाड जपा.

तिथल्याच एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "ताई, देशी झाडं सोडून हे कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना कळलं, की आपल्या द्वीपकल्पात मूळची सूचिपर्णी जात एकच, नागेया वालिचियाना. तीही पार दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात, आणि पानं सुईसारखी नाहीत, चांगली रुंद! म्हणजे आमच्या मुलांना हे कुळ पुस्तकातल्या चित्रातच भेटणार. फुलाशिवाय, शंकूच्या खवल्यावर उघडं धरलेलं बी त्यांनी हातात घेऊन बघायला नको? अर्ज बदलून दिला: कोपरा दहा झाडांचाच, बाकी कडुनिंब, करंज, बहावा आहेत तसेच राहतील. मंजुरी आली.

यादीत मी सुरूचं झाडही लिहिलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमनी त्याची एक 'सुई' माझ्या हातात देऊन ओढायला सांगितली. टक्कन सांध्यात तुटली. ती सुई नव्हेच, पेरापेरांची बारीक फांदी. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावरचे इवले दात, भिंगाखाली नीट दिसतात. सुरू हे चक्क फुलझाड निघालं.

देवदार वगळला, आपला उन्हाळा त्याला सोसणार नाही. मोरपंखी, ज्युनिपर, अरोकेरिया लगेच रुजले. चीड पाइनची दोन रोपं मात्र पहिल्याच पावसाळ्यात गेली. उपटून पाहिली तर मुळं काळी, हाताला लिबलिबीत. फार वाईट वाटलं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग दीड फूट उंच वरंबे केले, मुरूम आणि भरड वाळू घातली. पाइनच्या मुळांना बुरशीची सोबत लागते, म्हणून नर्सरीतल्या जुन्या झाडाखालची टोपलीभर माती मागून आणली. दुसऱ्या खेपेची रोपं तगली आहेत, तीन-तीन सुयांच्या जुड्या धरल्या आहेत.

सुरू नंतर मुद्दाम कुंपणापाशी लावून घेतला. गेल्या रविवारी चौथीतली पोरं एका हातात पाइनची जुडी, दुसऱ्यात सुरूची काडी घेऊन बसली होती. खरी सुई कोणती, ते ओढून ओढून ठरवत होती.