पाय दुखतोय हे सांगणारं कार्ड आमच्याकडे नव्हतं

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालं. बोलतो अगदी थोडं, काय हवं ते चित्रांची कार्डं हातात देऊन सांगतो: पाणी, बिस्कीट, झोका, बाहेर. गेल्या पावसाळ्यात त्याने ‘बाहेर’चं कार्ड देणं बंद केलं आणि ‘उचल’चं कार्ड सतत हातात धरून बसायला लागला.

उड्या मारणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग. खालच्या मजल्यावरच्या काकू त्यावरून महिन्यातून एकदा तरी वर यायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. मग तो जिना बसून, एकेक पायरी सरकत उतरायला लागला. पँट बदलताना किंचाळायचा. बसला की दोन्ही गुडघे बाहेर टाकून, पाय दुमडून बसायचा आणि तसाच तासभर राहायचा. हा मुलगा एका जागी तासभर बसतो म्हणून शेजारपाजारचे खूश! सासूबाई मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “अगं, हा शहाणा झालेला नाही, याला काहीतरी होतंय.”

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी व्हायरल सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. थेरपीच्या ठिकाणी सांगितलं, सेन्सरी आहे, पायाला जमिनीचा स्पर्श नको झालाय, उभं करत राहा. उभं केलं की तो स्वतःच्या हनुवटीवर बुक्के मारायचा. त्यावर उत्तर होतं, “बिहेवियर आहे, लक्ष वेधून घेतोय.” या ‘बिहेवियर’ शब्दाचा मला मनापासून राग आहे. जिथे तपासायचा कंटाळा येतो, तिथे तो शब्द हमखास येतो. मुलाला ऑटिझम आहे हे फायलीवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, आणि पुढचं सगळं त्या ओळीखाली जाऊन बसतं.

ओपीडीत अडचण अशी की तो दारातूनच रडत आत जायचा. पोटाला हात लावला तरी रडणार, पायाला लावला तरी रडणार. डॉक्टरांनी ओळखायचं कसं? म्हणून मी घरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागले. पँट कमरेवरून खाली घेताना गप्प, गुडघ्यावरून सरकली की किंचाळी. एक व्हिडिओ रात्रीचा आहे. तो गाढ झोपलेला, मी गुडघ्याच्या वरच्या बाजूला हलकेच दाबते आणि तो रडत उठतो. झोपेत कोणी लक्ष वेधून घेत नाही. पुढे हाच व्हिडिओ सगळ्यात जास्त कामाला आला. सोबत एक वही केली. डाव्या पानावर काय बदललं, उजव्या पानावर कधीपासून. शेवटच्या पानावर तो काय खातो त्याची यादी, कारण थेरपीत तशी मागितली होती.

गणपतीच्या सुमारास उशीवर रक्ताचे डाग दिसले. हिरड्या जांभळ्या पडून दातांच्या मधून फुगून आल्या होत्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, ब्रश नीट होत नाही. ते खरंच होतं, ब्रश तो तोंडात घेऊच देत नाही, त्यामुळे आमचंही समाधान झालं. पण पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके होते, गुडघ्यामागे काळंनिळं झालं होतं. पडला तर नव्हताच, चालतच नव्हता. नवरा म्हणाला, आता साताऱ्यात नको, पुण्याला जाऊ.

मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं. रक्त घेण्याआधी तासभर बधिर करणारं मलम हाताला लावून ठेवतात, हे मी मागून घेतलं. मागितल्याशिवाय कोणी लावत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. हिमोग्लोबिन आठच्या खाली. पाय दुखणं, हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग, इतकं कमी हिमोग्लोबिन: डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की रक्ताचा कॅन्सर नाही ना, हे आधी बघावं लागेल. त्या रात्रीबद्दल लिहीत नाही. एमआरआय भूल देऊन केला, त्यासाठी उपाशी ठेवायचं होतं. सकाळभर तो ‘बिस्कीट’चं कार्ड दिसेल त्याच्या हातात देत होता, वॉर्डातल्या मावशींच्यासुद्धा. त्यांनी ते पदराला बांधून ठेवलं आणि भुलीतून उठल्यावर कार्ड आणि बिस्कीट दोन्ही आणून दिलं. एमआरआयमध्ये गुडघ्याजवळच्या हाडांच्या मगजात बदल दिसला. आता बोन मॅरोची तपासणी ठरली.

आदल्या संध्याकाळी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी केस लिहायला आली. तिने वही पूर्ण चाळली, शेवटच्या पानावर थांबली. यादी अशी होती: तूप-मीठ घातलेला पांढरा भात, कोरडी पोळी, उकळलेलं दूध, एकाच कंपनीचं ग्लुकोज बिस्कीट, मसाला न घातलेल्या नूडल्स.

“आई, याशिवाय काय खातो?”

“काही नाही.”

“लिंबू? टोमॅटो? एखादी फोड?”

“आधी वरणभातावर लिंबू चालायचं. मागच्या दिवाळीपासून वरणही बंद आहे.”

तिने मोबाईलचा टॉर्च लावून पोटरी बघितली. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस होता आणि तो केस स्प्रिंगसारखा गुंडाळलेला. मग तोंडात बघितलं, पुन्हा पोटरी, आणि वरिष्ठांना फोन. तासाभरात गुडघ्यांचे एक्स-रे झाले. आधीचा एक्स-रे खुब्याचा होता, गुडघ्याचा कोणी काढलाच नव्हता. स्क्रीनवर तिने दाखवलं: हाडाच्या टोकाशी एक ठळक पांढरी रेघ, तिच्यालगत काळसर पट्टा. “स्कर्वी असावा,” ती म्हणाली.

‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्वी, ‘ड’च्या अभावी मुडदूस. शाळेत जोड्या लावा आणि गाळलेल्या जागा भरा यांत हे लिहून मी मार्क मिळवलेत. तो खलाशांना होणारा जुना रोग, जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ साली जहाजावर संत्री-लिंबं देऊन बरा करून दाखवला तो. माझा मुलगा गुबगुबीत आहे, वजन वयाला साजेसं आहे. कुपोषण म्हणजे हाडं दिसणारं मूल, असंच आपल्या डोक्यात असतं, डॉक्टरांच्याही. भात, दूध आणि बिस्किटांवर वजन छान वाढतं. पण ‘क’ जीवनसत्त्व माणसाच्या शरीरात तयार होत नाही आणि अंगातला साठा एक ते तीन महिन्यांत संपतो. मग हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडांची वेष्टणं यांना धरून ठेवणारं कोलॅजन नीट बनत नाही. हाडाच्या वेष्टणाखाली रक्त साचतं. तो ज्यासाठी हनुवटीवर बुक्के मारत होता ते हे दुखणं. जगभरात असे रुग्ण सापडतात, आणि मुलांमध्ये बऱ्याचदा ते ऑटिझम असलेलं, मोजकंच खाणारं मूल असतं, हे नंतर कळलं.

औषध सुरू करायच्या आधी रक्त घेतलं, कारण एकदा ‘क’ पोटात गेलं की रक्तातला आकडा लगेच वर येतो. नळीला फॉइल गुंडाळून बर्फात ठेवून नमुना बाहेरच्या लॅबला गेला. रिपोर्टची वाट न बघता त्याच रात्री औषध चालू केलं, बोन मॅरो पुढे ढकलली. (ती पुढे लागलीच नाही. रिपोर्टमध्ये ‘क’ जवळजवळ शून्य होतं.)

औषध साधं होतं, दिवसाला तीनशे मिलिग्रॅम, विभागून. संत्र्याच्या वासाची चघळायची गोळी त्याने भिंतीवर फेकली. नर्सने सुचवलं म्हणून चुरून दुधात घातली, तर दूध फुटलं आणि त्याने पेला ढकलला. तिथेच थांबलो. खाण्याचे पाचच पदार्थ असलेल्या मुलाचं दूध सुटलं तर करायचं काय? शेवटी थेंबांचं औषध साखरेच्या पाण्यात, सिरिंजने गालाच्या आतून. समोर दोन कार्डं: आधी ‘औषध’, मग ‘बिस्कीट’. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः ‘औषध’चं कार्ड उचलून दिलं, बिस्किटाच्या आशेने अर्थातच.

दोन-तीन दिवसांत चिडचिड उतरली, आठवड्यात हिरड्यांतलं रक्त थांबलं. पायांना वेळ लागला. दसऱ्याला भिंत धरून उभा होता, दिवाळीत जिना उतरला. लोह आणि ‘ड’ही कमी निघालं, त्याची औषधं वेगळी. खर्चाचा थोडा भाग ‘निरामय’मधून, म्हणजे ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून मिळाला. लाखापर्यंतचं संरक्षण असतं, फक्त मूळ बिलं जपून ठेवावी लागतात.

खाण्याची थेरपी अजून चालू आहे. पेरूची फोड आधी ताटाबाहेर, मग ताटात, मग बोटाने स्पर्श, मग वास. महिनोन्‌महिने लागतात. सासूबाईंचा मोरावळा त्याने हुंगून त्यांच्याच तोंडात घातला. लिंबाचं सरबत मात्र निळ्या पेल्यातून घेतो, गाळलेलं, एकही कण नको. तेवढ्याने भागत नाही म्हणून थेंब चालूच आहेत. कार्डांच्या पिशवीत आता ‘दुखतंय’ हे कार्ड आहे, सोबत शरीराचं चित्र, बोट ठेवायला. आतापर्यंत त्याने ते बहुतेक वेळा बाहुलीच्या पोटावर ठेवलंय. खालच्या काकूंची तक्रार परत सुरू झाली आहे.